न घेतलेला घास

भुकेल्यास अन्न द्यावे, हे दयेच्या कृत्यांपैकी पहिले कृत्य. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनीच ते पाठ केलेले आहे. देणारा आहे, अन्न आहे आणि समोर भूक आहे, एवढे जुळून आले की नीतीचा प्रश्न तेथेच मिटतो, अशी आपली समजूत असते. परंतु भुकेल्यानेच अन्न नाकारले तर? समोर ठेवलेल्या घासाकडे त्याने पाहिलेदेखील नाही, तर देणाऱ्याचे कर्तव्य तेथे संपते, की खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होते?

हा प्रश्न आम्ही येथे एका अगदी लहानशा जीवाच्या निमित्ताने मांडणार आहोत. तो जीव म्हणजे काचेच्या पेटीत पाळलेले वृक्षबेडकाचे पिल्लू. वाचकांपैकी काहींना हसू येईल, आणि ते स्वाभाविकही आहे. आपल्या वसईपट्टीत बेडूक पाळावा लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की तो आपण होऊन न्हाणीघरात येतो, ओल्या भिंतीला चिकटून बसतो, आणि सकाळी कुणीतरी किंचाळत बाहेर पळते. परंतु ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका येथे वृक्षबेडूक पाळणे हा रुळलेला छंद आहे. आणि आपल्यातील कितीतरी घरांची नातवंडे आता त्या देशांत वाढत आहेत. त्यांचे प्रश्न दूरध्वनीवरून का होईना, आपल्या ओटीपर्यंत येऊन पोहोचतात.

दोन वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला स्थायिक झालेल्या आमच्या नात्यातील एका कुटुंबात असाच प्रसंग उद्भवला. घरातील अकरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला बेडकाची दोन पिल्ले मिळाली. रीतसर परवाना काढून, पैदास करणाऱ्याकडून आणलेली. अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठी नसलेली. पहिले चार दिवस त्यांनी काही खाल्ले नाही. पाचव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मुलीने आम्हांला फोन केला आणि एकच विचारले, "आजोबा, त्यांना माझा राग आला आहे का?"

या निरागस प्रश्नात मोठ्यांचाही एक जुना गैरसमज दडलेला आहे. आपण देऊ केलेले कुणी घेतले नाही की तो आपला अव्हेर झाला असे आपल्याला वाटते. घास नाकारणाऱ्याच्या पोटाऐवजी देणाऱ्याचे मन दुखावते, आणि मग भरवण्याचा जो आग्रह सुरू होतो तो बऱ्याचदा त्या दुखावलेल्या मनाची समजूत घालण्यासाठी असतो. बेडकाला राग येत नाही, मायाही लागत नाही. निदान आपण ज्या अर्थाने हे शब्द वापरतो त्या अर्थाने नाही. म्हणूनच हे उदाहरण आम्हांला मोलाचे वाटते. जेथे परतफेडीची, ओळखीची, शेपूट हलवून केलेल्या स्वागताचीही आशा नाही, तेथे काळजी घेणे म्हणजे नेमके काय, हे अधिक स्वच्छ दिसते.

ऑस्ट्रेलियाचा हिरवा वृक्षबेडूक हा या छंदातील सर्वांत परिचित प्राणी. पूर्ण वाढ झाल्यावर सुमारे १० सेंटिमीटर लांब, गुबगुबीत, ओठांची ठेवण अशी की सदैव मंद हसतो आहे असे वाटावे. क्वीन्सलंडमध्ये तो माणसाच्या घरालाही सरावलेला आहे. पाण्याच्या टाकीत, पत्रपेटीत, शौचालयातसुद्धा सापडतो. त्याचे शास्त्रीय नाव मात्र 'निळा' अशा अर्थाचे आहे. १७९० साली जॉन व्हाइट या शस्त्रवैद्याच्या प्रवासवृत्तात त्याचे पहिले वर्णन आले. या बेडकाची हिरवी कातडी म्हणजे खालचा निळसर रंग आणि त्यावरचा पिवळा थर यांचा मिलाफ. नमुना टिकवण्यासाठी वापरलेल्या द्रावात पिवळा थर विरून गेला आणि मागे निळा बेडूक उरला, असे या नावाचे कारण सांगितले जाते. जिवंतपणी जो हिरवा होता, तो बाटलीत घातल्यामुळे निळा ठरला, आणि दोनशेहून अधिक वर्षे तेच नाव चालत आले आहे. जीव सांभाळण्यासाठी आपण जे भांडे वापरतो, त्याचाच रंग त्या जीवाला चढू शकतो, ही गोष्ट आम्हांला पुढच्या सगळ्या विचारात आठवत राहिली.

ही पिल्ले अन्न का नाकारतात? कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा उगम पिल्लात नसून पेटीत असतो. बेडूक हा थंड रक्ताचा प्राणी. सभोवतालची ऊब कमी झाली की त्याचे पचन मंदावते आणि खाण्याची इच्छाही ओसरते. तो निशाचर आहे. दिवसाउजेडी, खोलीत दिवे असताना, काचेला नाक लावून दोन डोळे आपल्याकडे पाहत असताना तो शिकार करील, ही अपेक्षाच चुकीची. समोर टाकलेला किडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा असला तर पिल्लू त्याच्या वाटेला जात नाही. नवीन जागेची धास्ती तर असतेच. त्यातही पिल्लू नुकतेच पाण्यातून वर आलेले असेल तर गोष्ट आणखी निराळी. टॅडपोल असताना शेवाळ खरवडून खाणारे ते तोंड आणि लांबलचक गुंडाळलेले ते आतडे, दोन्ही मोडून किडे खाणाऱ्या प्राण्याचे नवे तोंड व आखूड आतडे घडत असते. त्या दिवसांत पिल्लू काहीच खात नाही. आपली शेपटीच हळूहळू अंगात जिरवून त्यावर जगते. अशा वेळी त्याला भरवू पाहणे म्हणजे गवंडीकाम चालू असलेल्या घरात पाहुणे जेवायला बसवणे होय.

पण सर्वांत विलक्षण कारण त्याच्या दृष्टीत आहे. १९५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील लेटविन, माटुराना, मॅक्युलॉक आणि पिट्स या चार संशोधकांनी बेडकाचा डोळा त्याच्या मेंदूला काय कळवतो याचा शोध घेतला. त्यांना असे आढळले की बेडकाच्या डोळ्यातील काही मज्जातंतू लहान, गडद आणि हलणारी वस्तू नजरेच्या टप्प्यात आली की जागे होतात. निश्चल वस्तूची ते दखल घेत नाहीत. ताज्या मेलेल्या माशांचा ढीग सभोवती असला तरी बेडूक त्यात उपाशी मरू शकतो. तिरस्काराने नव्हे, तर ते अन्न त्याच्या जगात अस्तित्वातच नसते म्हणून.

या शोधापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आपण ज्याला 'देणे' म्हणतो त्याचा अर्धा भाग यात उघडा पडतो. बशीत ठेवलेले अन्न आपल्या दृष्टीने दिलेले असते. बेडकाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. दान पुरे होण्यासाठी ते घेणाऱ्याच्या इंद्रियांना कळेल अशा रूपात त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते, आणि ते रूप कोणते हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे नसतो. त्याने ते शिकायचे असते. बेडकाला कुरवाळण्याने काही मिळत नाही. उलट त्याच्या ओलसर कातडीतून पाणी आत जाते, तसेच आपल्या हातावरचे मीठ आणि साबणही जातो. म्हणजे येथे प्रेमाचा जो हावभाव आपल्याला सर्वांत सहज सुचतो, तोच अपाय करणारा. पाणी क्लोरीनविरहित आहे की नाही, पेटीत ऊब २५ ते २८ अंशांच्या आसपास आहे की नाही, किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरली की नाही, असल्या नीरस चौकशांतूनच त्याच्यावर प्रेम करता येते. ज्ञान मिळवण्याचे कष्ट न घेता केलेली माया ही, आमच्या मते, आळसाचा एक सभ्य प्रकार आहे.

ब्रिस्बेनच्या त्या घरात एव्हाना तीन मते झाली होती. मुलीच्या आईचे म्हणणे, चिमट्याने तोंड उघडून किडा आत सरकवावा. वडील म्हणत, "उगीच हाल कशाला? मागच्या ओढ्यात सोडून देऊ, जगली तर जगतील." आणि मुलीची आजी, आमच्या वहिनी, ज्यांचे बालपण वसईच्या वाडीत कोंबड्या आणि वासरे यांच्यात गेले, त्या म्हणाल्या, "कोंबडी खुडूक बसली की तिला दाणा भरवतात का? दाणा-पाणी जवळ ठेवायचं, अंधार करायचा आणि आपण तिथून निघून जायचं. ती उठते तेव्हा उठते."

आईचा मार्ग प्रेमाचा वाटतो खरा. पण पिल्लाचा जबडा कागदासारखा नाजूक. चिमटा जरा चुकला की तो मोडतो. धरताना कातडीवरचा चिकट थर पुसला जातो, आणि आधीच भेदरलेला जीव अधिक भेदरतो. जाणकार पशुवैद्यदेखील हा उपाय अखेरचा म्हणूनच करतात. बळजबरीने भरवलेला घास पोटात गेला तरी खाण्याची क्रिया त्या जीवाची राहत नाही. बेडूक घास गिळताना आपले डोळे आत ओढून घेतो आणि त्या डोळ्यांच्या दाबानेच तो घास घशाखाली लोटतो. खाण्यात त्याचे सर्वांग असे गुंतलेले असते.

वडिलांचा मार्ग उदार दिसतो. पिंजऱ्याचे दार उघडण्यासारखे सुंदर दृश्य दुसरे नाही, असे आपल्याला कवितांनी शिकवले आहे. परंतु बेडकांच्या बाबतीत आज हे दार उघडण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत मेलेल्या बेडकांच्या कातडीवर एक बुरशी ओळखण्यात आली. कायट्रिड या वर्गातील ही बुरशी बेडकाच्या कातडीत शिरते, तिचे क्षारांचे नियमन बिघडवते आणि अखेर हृदय बंद पाडते. अन्नावरची वासना उडणे हे तिच्या लक्षणांपैकी एक. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने तिच्यामुळे ५०० हून अधिक उभयचर जातींना उतरती कळा लागल्याचे आणि त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्याचे मानले आहे. माणसाने केलेल्या बेडकांच्या जगभरच्या ने-आणीने तिचा प्रसार झाला. पाळलेला, न खाणारा, कदाचित आजारी असलेला बेडूक दयेपोटी ओढ्यात सोडणे म्हणजे त्या ओढ्यातील सगळ्या बेडकांच्या जिवाशी खेळणे. एकदा काचेचे झाकण लावले की ते दयेच्या लहरीने उघडता येत नाही, ही गोष्ट वाढदिवसाला भेट देणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावयास हवी.

उरला वहिनींचा मार्ग. आम्हांला तो मनापासून पटला, पण तोही निर्धोक नाही. पूर्ण वाढलेला धडधाकट बेडूक काही आठवडे उपास काढू शकतो. पिल्लाजवळ तेवढी शिदोरी नसते. 'त्याचे तो पाहील' हे वाक्य कधी संयमाचे असते आणि कधी बेपर्वाईचे, आणि दोहोंचा चेहरा बाहेरून सारखाच दिसतो. फरक इतकाच की संयमी माणूस निघून गेल्यावरही मोजत असतो. काल पेटीत सहा किडे सोडले होते, आज किती उरले? विष्ठा दिसली का? वजन उतरले का? वहिनीदेखील खुडूक कोंबडीपासून दूर जात, पण दिवसातून एकदा ती उठली की नाही हे कुडाच्या आडून पाहत, असे त्यांनीच नंतर सांगितले.

येथे एका बेडकाची आठवण काढल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. ब्रिस्बेनच्या उत्तरेकडील डोंगररांगांत एक बेडकाची जात होती. शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन १९७३ साली केले. मादी आपली फलित अंडी गिळून टाकी. अंड्यांतून पाझरणारे एक द्रव्य तिच्या जठरातील आम्ल थांबवी, आणि जठराचे गर्भाशय होई. सहा-सात आठवडे ती काहीही खात नसे, आणि अखेर तोंडावाटे चांगली घडलेली पिल्ले बाहेर सोडी. तिच्यासमोर कुणी किडे टाकून, ती खात नाही म्हणून हळहळत बसला असता तर? उपास म्हणजे नेहमीच उणीव नसते. आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही. ही जात रानात १९८१ नंतर कुणाला दिसली नाही, आणि प्रयोगशाळेतील शेवटचा बेडूक १९८३ साली मेला. त्या बुरशीवर संशय आहे.

आता किड्यांकडे वळू. मुलीने फोनवर दुसरा एक प्रश्न विचारला होता, जो तिच्या आईवडिलांना सुचला नव्हता. बेडकासाठी आणलेले रातकिडे एका डब्यात होते. त्यांना गाजर आणि कोंडा घालावा लागे, कारण त्यांचे पोट भरलेले असेल तरच बेडकाला पोषण मिळते. म्हणजे रोज सकाळी ती ज्यांना खाऊ घाली, त्यांतील काहींना संध्याकाळी पेटीत सोडी. "मग मी कुणाची काळजी घेते आहे?" आपण मासळीवर वाढलेली माणसे, या प्रश्नावर आपण फार सोवळेपणा आणू नये. किडा खाणे हा बेडकाचा धर्म आहे. पण त्यातून एवढे तरी समजावे की एका जिवाला पेटीत ठेवले की दुसऱ्या कित्येकांचे मरण आपल्या हातून वाटले जाते. रानात बेडूक शेकड्यांनी अंडी घालतो आणि त्यांतील मूठभरच पिल्ले तगतात. त्या मरणांचा हिशेब कुणी माणसाकडे मागत नाही. काचेआडच्या दोघांचा मात्र मागितला जातो. त्यांची ऊब, त्यांचा अंधार, त्यांची शिकार, सारे आपण आपल्या हाती घेतले. तेथेच ऋण उत्पन्न झाले. ते पिल्लाच्या गोजिरेपणामुळे किंवा आपल्या भूतदयेमुळे आलेले नाही, झाकण लावल्यामुळे आले.

पशुवैद्याच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा त्या घरात थोडी कुजबुज झाली. एका बेडकाच्या तपासणीला जेवढे पैसे पडत होते, तेवढ्यात अनेक बेडूक आले असते. गावी एखाद्या गरीब मुलाची वह्या-पुस्तके झाली असती, असेही कुणी म्हणाले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी मोजकेच परिच्छेद आहेत, आणि त्यांत हे दोन्ही धागे शेजारी शेजारी आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणावर खर्च व्हावयाचा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. संत थॉमस अक्वायनस तर प्राण्यांशी क्रूरपणा करू नये याचे कारणही माणसाकडेच नेतो. त्याची सवय पुढे माणसांवर वळते म्हणून. २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीतील प्रत्येक जिवाला परमेश्वरापुढे स्वतःचे असे मोल आहे हे अधिक ठळकपणे सांगितले.

आमचे मत विचाराल तर, गरिबाचा दाखला देण्याची वेळ बेडूक विकत घेताना होती. तो आजारी पडल्यावर नव्हे. पेटी, दिवे, थर्मामीटर यांवर खर्च करताना ज्यांना वह्या-पुस्तके आठवली नाहीत, त्यांना ती पशुवैद्याच्या दारातच आठवावीत, यात गरिबाविषयीच्या कळवळ्यापेक्षा पळवाट अधिक आहे. मुलीच्या वडिलांनी हे ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ते पिल्लांना घेऊन गेले, याचे आम्हांला कौतुक वाटते.

तपासणीत बुरशी सापडली नाही. किडे मोठे होते आणि पेटी खिडकीजवळच्या उजेडात होती, हे पशुवैद्याने काढून दाखवले. पेटी आतल्या खोलीत गेली, लहान पानांची वेल लावली गेली, तिळाएवढे रातकिडे आणले गेले. दिवे मालवल्यावर कुणी पेटीकडे फिरकायचे नाही, असा नियम वहिनींनी घातला. तिसऱ्या सकाळी किडे कमी झालेले होते. पण एकच पिल्लू खात होते. दुसरे पानाच्या मागे पाय दुमडून बसलेले असे, आणि सातव्या दिवशी ते तेथेच मेलेले आढळले. मुलगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. सर्व काही योग्य केल्यावर ते का मेले, असे तिने विचारले तेव्हा आम्ही तिला देवाची इच्छा वगैरे काही सांगितले नाही. योग्य केल्याने जगण्याची वाट मोकळी होते, चालायचे की नाही हे त्या पिल्लाच्या बळावर होते, एवढेच म्हणालो. ते तिला पुरेसे वाटले असे नाही.

जे जगले ते आता तळहात व्यापील एवढे झाले आहे. या जातीचे बेडूक नीट सांभाळल्यास १५ वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतात. मुलगी तेरा वर्षांची आहे. ती महाविद्यालयात जाईल, नोकरीला लागेल, कदाचित दुसऱ्या शहरात संसार मांडील, तेव्हाही रोज संध्याकाळी कुणाला तरी दिवे मालवून किडे सोडावे लागतील आणि सकाळी ते मोजावे लागतील. गेल्या नाताळात याविषयी त्या घरात जेवणाच्या टेबलावर बोलणे झाले. वडिलांनी आपले नाव दिले आहे. परवान्यावर कोणाचे नाव घालावे, याची चौकशी चालू आहे.